कल्पनेतल्या देशाचं फॅनझिन कसं काढावं

कारामेइकोस नावाच्या देशात थ्रेशोल्ड नावाचं गाव आहे. डोंगरपायथ्याचं, रानाच्या तोंडाशी वसलेलं. साहसाला निघालेली नवखी मंडळी इथून पुढे जातात, म्हणून नावही उंबरठा. देश खोटा, गाव खोटं, पण त्या गावाच्या नावाचं नियतकालिक मात्र खरंखुरं आहे. मिस्टारा या काल्पनिक जगाचे चाहते २०१३ पासून ते इंग्रजीत काढतात आणि त्याची पीडीएफ फुकट वाटतात. मिस्टाराची अधिकृत पुस्तकं नव्वदच्या दशकाच्या मध्यावरच थांबली होती. प्रकाशकाने दुकान आवरलं, गिऱ्हाइकांनी आवरलं नाही.

रोलप्लेइंग गेम कधी खेळला नसाल तर थोडक्यात सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेम मास्टर, तो प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र होऊन 'मी काय करतो' ते बोलतात. निकाल अडला की फासे टाकायचे. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला आणि या प्रकाराला छापील नियम मिळाले. नियम ही एक गोष्ट आणि ज्या जगात हे सगळं घडतं ती दुसरी. त्या जगाला खेळाडू 'सेटिंग' म्हणतात. मिस्टारा हे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चं असंच एक सेटिंग. आपल्याला मासिक काढायचंय ते या सेटिंगचं.

असं मासिक का काढायचं, हे आधी पक्कं करा. मूळ पुस्तकात आहे तेच पुन्हा सांगायला कोणी अंक उघडत नाही. नकाशावर नाव आहे आणि पुस्तकात त्याबद्दल दीडच ओळ आहे, अशी जागा तुमची. फॅनझिन, म्हणजे चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेलं मासिक, तिथे राहतं.

पहिली पायरी: देश लहान घ्या, साल ठरवा

'आमचं मासिक सगळ्या फँटसी खेळांबद्दल' असं म्हणणारे बहुतेक जण दुसऱ्या अंकाआधी दमतात. एक जग घ्या, त्यातला एक प्रदेश घ्या. शक्य असेल तर एक खोरं.

कारामेइकोसचंच पाहा. मिस्टाराचा पहिला नकाशा १९८१ मध्ये एका साहसकथेच्या पुस्तिकेत छापून आला, तेव्हा या देशाच्या वाट्याला जेमतेम काही ओळी होत्या. १९८७ मध्ये अ‍ॅरन ऑलस्टन यांनी त्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं आणि देशाला दुखणं दिलं: मूळचे ट्रालाडारन लोक आणि त्यांच्यावर राज्य करायला बाहेरून आलेले थायाटियन. एक ड्यूक आहे, बरा माणूस. पश्चिमेला त्याचाच एक नातलग सरदार आहे, तो अजिबात बरा नाही. एवढ्या सामग्रीवर दहा अंक निघतात.

सालाचं मात्र जपून. मिस्टाराची ती पुस्तकं त्या जगातल्या सन १००० च्या आसपासची आहेत (तिथला शक एका सम्राटाच्या राज्याभिषेकापासून मोजतात). १९९२ मध्ये आलेल्या एका संचात पुढच्या दशकभराचं महायुद्ध आलं आणि १००९ साली आल्फाटिया नावाचं अख्खं साम्राज्य समुद्रात बुडालं. काही वर्षांनी कारामेइकोसच्या राजधानीचं नावही बदललं, स्पेक्युलॅरमचं मिररोस झालं. काही चाहत्यांना हा बदल मान्य आहे, काहींना अजिबात नाही. तुमचा अंक युद्धाआधीचा की नंतरचा, हे पहिल्याच पानावर छापा. नाहीतर एका लेखात साम्राज्य बुडालेलं आणि पुढच्यात त्याचा राजदूत जेवायला आलेला, असं होतं.

दुसरी पायरी: परवानगीचा कागद वाचा

कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. जग तुमचं नाही, कुणाच्या तरी मालकीचं आहे. मिस्टाराची मालकी विझर्ड्स ऑफ द कोस्टकडे आहे, आणि या कंपनीचं चाहत्यांच्या कामासाठी २०१७ पासून जाहीर धोरण आहे. त्याचा गाभा असा: काम फुकट द्या, म्हणजे पैसे नाहीत आणि 'आधी ईमेल नोंदवा' असली अटही नाही. अधिकृत बोधचिन्हं वापरू नका. हे अनधिकृत आहे, कंपनीची याला मान्यता नाही, असं धोरणात दिलेल्या शब्दांत छापा. ग्लोरांथा नावाचं दुसरं गाजलेलं जग आहे, ते केऑसियम कंपनीचं. त्यांचं धोरण वेगळं आहे. तुम्ही निवडलेल्या जगाचं धोरण प्रत्येक अंकाआधी नव्याने उघडून पाहा.

मराठीत काढणाऱ्यांना इथे एक खड्डा आहे. मूळ पुस्तकातले उतारेच्या उतारे मराठीत आणले तर ते भाषांतर होतं, आणि भाषांतराचा हक्कही मूळ हक्कधारकाचाच असतो. 'पण मराठीत कुठे आहे हे' हा युक्तिवाद प्रेमळ आहे, कायदेशीर नाही. गावाचं नाव त्यांचं, गावात घडणारी गोष्ट तुमची. एवढं पाळलं की बहुतेक प्रश्न सुटतात.

तिसरी पायरी: भोकं शोधा

ही पायरी मला सगळ्यांत आवडते, आणि अंकाचं बरंवाईट इथेच ठरतं.

मूळ पुस्तक आणि एक वही घेऊन बसा. पुस्तकात काय आहे ते वहीत लिहू नका. काय नाही ते लिहा. या रस्त्यावर जकात कोण घेतं? कुठल्या नाण्यात? ट्रालाडारन म्हातारीचं थायाटियन शेजाऱ्याशी बांधावरून भांडण झालं तर ती कुणाकडे जाते, आणि तिथे तिच्या भाषेत कोणी बोलतं का? हिवाळ्यात खिंड बंद झाली की मीठ कुठून येतं? एका बैठकीत चाळीस प्रश्न निघतात. त्यातले तीस टाकाऊ असतात. उरलेले दहा म्हणजे अंक.

आमच्या पहिल्या अंकासाठी जकात नाक्याचा प्रश्न उचलला. मित्राने लिहून आणलेला पहिला मसुदा तीन पानांचा होता: नाका कधी बांधला, कुणी बांधला, त्याच्या बापाचं नाव काय. वाचायला छान, खेळायला निरुपयोगी. शनिवारी रात्री चार खेळाडू नाक्यावर येऊन उभे राहिले तर गेम मास्टरने काय करायचं, ते त्यात कुठेच नव्हतं. मग लेख असा झाला. नाकेदार जन्माने ट्रालाडारन, नोकरी थायाटियन सरदाराची. गावातल्या लग्नांना त्याला बोलावत नाहीत. अमावस्येला जाणाऱ्या एका गाडीकडे तो बघत नाही, आणि का बघत नाही ते त्याच्या बायकोलाही माहीत नाही. खेळाडूंनी लाच दिली तर काय, दमदाटी केली तर काय, गाडीचा पाठलाग केला तर काय. सगळं मिळून एक पान. नाका कुणी बांधला, ते कुणी विचारलंच नाही.

प्रत्येक लेखाला हीच चाळणी लावा: आज रात्री यातलं टेबलावर काय येईल? एक माणूस, त्याला हवी असलेली एक गोष्ट आणि ती मिळू न देणारी दुसरी एक गोष्ट. एवढं नसेल तर लेख परत. लेखक रुसतील. रुसू द्यावं, पण परत पाठवताना नेमकं काय हवंय ते दोन ओळींत लिहावं.

चौथी पायरी: नकाशाचं गणित

नकाशा सुंदर नसला तरी चालेल, चुकीचा नको. या खेळांत नकाशा षटकोनांत आखतात. मिस्टाराच्या मोठ्या नकाशात एक षटकोन २४ मैलांचा, प्रदेशाच्या नकाशात ८ मैलांचा. जुन्या नियमांत हलक्या सामानाचा माणूस दिवसाला २४ मैल चालतो, म्हणजे प्रदेशाच्या नकाशावर तीन षटकोन. जंगलात किंवा टेकड्यांत दोन तृतीयांश, म्हणजे १६ मैल आणि दोनच षटकोन. डोंगर आणि दलदलीत निम्मं. चांगला रस्ता असेल तर दीडपट.

आता हे गणित घेऊन प्रत्येक लेख तपासा. 'घोडेस्वार संध्याकाळपर्यंत पोचला' असं लिहिलेलं असतं आणि नकाशावर मध्ये पाच षटकोन रान असतं. खेळाडू अशा चुका बरोबर पकडतात, कारण ते स्वतः तेवढं चाललेले असतात.

पाचवी पायरी: लेखक, आणि खरं-खोटं ठरवणारा

'फॅनझिन' हा शब्द १९४० चा, विज्ञानकथांच्या अमेरिकन चाहत्यांमधला. रोलप्लेइंगच्या दुनियेत १९७५ मध्ये ली गोल्ड यांनी लॉस एंजेलिसहून 'अलारम्स अँड एक्स्कर्शन्स' सुरू केलं, त्याची रीत मजेदार होती. प्रत्येकाने आपापली पानं लिहून पाठवायची, संपादकाने गठ्ठा एकत्र बांधायचा, आणि पुढच्या अंकात सगळ्यांनी एकमेकांच्या पानांवर बोलायचं. आपल्या शाळा-कॉलेजातल्या हस्तलिखिताच्या जवळची कल्पना. संपादन करायचा धीर नसेल तर ही रीत उचला. सहा जण, प्रत्येकी चार पानं, झाला अंक.

पण एका जगाचं सुसंगत मासिक हवं असेल तर अंतिम शब्द कुणाचा, ते ठरवावं लागतं. ग्लोरांथाच्या चाहत्यांनी यात दोन नामी शब्दप्रयोग घडवले. या जगाचे निर्माते ग्रेग स्टॅफर्ड १९६६ पासून त्याबद्दल लिहीत होते. चाहत्यांनी एखादी गोष्ट मेहनतीने रचावी आणि ग्रेग यांच्या नव्या पुस्तकाने ती उलटी करावी, असं वारंवार व्हायचं. त्याला चाहते 'ग्रेग होणं' म्हणू लागले. आणि त्यावरचा उतारा: 'तुमचं ग्लोरांथा वेगळं असू शकतं.' अशा वातावरणात ब्रिटनमधून 'टेल्स ऑफ द रीचिंग मून' हे फॅनझिन १९८९ पासून २००२ पर्यंत चाललं आणि त्याचे वीस अंक निघाले.

तुमच्या अंकात प्रत्येक लेखाच्या माथ्यावर एक शब्द टाका: 'पुस्तकातलं', 'पुस्तकावरून' किंवा 'आमचं'. अर्धे वाद तिथेच मिटतात. उरलेल्या अर्ध्यांवर पत्रव्यवहाराचं सदर चालतं.

सहावी पायरी: चित्रं

चित्रकार मित्र असेल तर त्याला जेवायला घाला. नसेल तर ब्रिटिश लायब्ररीने २०१३ मध्ये जुन्या पुस्तकांतली दहा लाखांहून जास्त चित्रं सर्वांसाठी खुली केली. त्यांत किल्ले, गलबतं, दाढीवाले सरदार वाट्टेल तेवढे आहेत. छपाईसाठी ३०० डीपीआय (इंचाला तेवढे ठिपके) हवं, पडद्यावर झकास दिसणारं चित्र कागदावर धुरकट निघतं. नेटवर सापडलेलं 'कुणाचं तरी' चित्र घेऊ नका. ते कुणाचं तरी असतंच.

सातवी पायरी: भाषा आणि मांडणी

टेबलावर मराठी बोलत असाल तर मराठीत लिहा. गंमत म्हणजे टेबलावर आपण 'मी तलवार काढतो' असंच म्हणतो, आणि लिहायला बसलो की 'नायक खड्ग उपसता झाला' होतं. नाकेदाराला नाकेदारच म्हणा. फायरबॉलला मात्र फायरबॉलच राहू द्या, अग्निगोलक म्हटलं की टेबलावर हसू फुटतं. विशेषनामांची एक यादी पहिल्या दिवशी करा आणि भिंतीला चिकटवा. कारामेइकोस, कॅरामिकोस, करामीकोस हे तिन्ही एका अंकात येऊ शकतात, स्वानुभव आहे.

मजकूर युनिकोडमध्येच घ्या. मुक्ता, बलू, नोटो, तिरो देवनागरी मराठी हे फॉन्ट खुल्या परवान्याचे आहेत. ल आणि श यांची आपली वळणं हिंदीपेक्षा वेगळी. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा 'मराठी' निवडल्यावरच आपली दिसतात. पानं लावायला स्क्रायबस हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. जुन्या आवृत्त्या देवनागरीची जोडाक्षरं तोडायच्या, म्हणून २०२४ च्या १.६ पासूनचीच आवृत्ती घ्या. मुद्रितशोधन कागदावर, दुसऱ्या कुणाकडून तरी.

आठवी पायरी: डमी

छापणार असाल तर ए५ आकार आणि मधोमध पिन, हे स्वस्त आणि सोपं. ए४ कागदाला एक घडी घातली की चार पानं होतात. त्यामुळे पानसंख्या चारच्या पटीत हवी: २८, ३२, ३६. आमचा पहिला अंक ३४ पानांचा झाला होता. छापखान्यातल्या दादांनी मोजून बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि चहा मागवला. दोन पानांची एक लाडकी कविता गेली.

छापायला देण्याआधी कोरे कागद घडी घालून डमी करा आणि हाताने पानांचे आकडे टाका. ३२ पानांच्या अंकात आठ कागद. सगळ्यांत बाहेरच्या कागदावर एका बाजूला ३२ आणि १, पाठीमागे २ आणि ३१. शेजारशेजारच्या आकड्यांची बेरीज दर वेळी ३३ यायला हवी. नाही आली तर काहीतरी उलटं लागलंय. घडीत आतले कागद मिलिमीटरभर बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये तेवढे कापले जातात, म्हणून बाहेरचा समास सढळ ठेवा. कडेपर्यंत जाणारं चित्र असेल तर चहूबाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचं द्या.

पीडीएफच्या नावात अंक आणि तारीख घाला, म्हणजे दुरुस्त प्रत कोणती ते कळतं. आणि दुसऱ्या अंकाचा निम्मा मजकूर हातात आल्याशिवाय पहिला बाहेर सोडू नका.

पहिलं पत्र चूक दाखवणारं येईल. आम्हाला आलं ते नाकेदाराबद्दल होतं: लेखात नाका नदीच्या पूर्वेला, नकाशात पश्चिमेला, मग अमावस्येची गाडी पाण्यातून जाते का? दुसऱ्या अंकात आम्ही तिथे पूल बांधला आणि त्याची वेगळी जकात लावली.