घरगुती बैठकीचा व्हिडिओ: चित्र मोबाइलवर, आवाज हँडी रेकॉर्डरवर

घरी गाण्याची बैठक असली की मोबाइलवर शूटिंग होतंच, चित्र पण आजकाल छान येतं, पण नंतर ऐकायला बसलं की डग्ग्याचा घुमारा गायब आणि तानपुरा तर शोधावा लागतो. फोनचा माइक मुळात बोलणं टिपायला बनवलेला, तो आवाजाची लेव्हल आपोआप वरखाली करत राहतो आणि गाण्यातला चढउतारच सपाट करून टाकतो. म्हणून आवाज वेगळा घ्यायचा, झूम एच१एन किंवा टास्कॅम डीआर-०५एक्स असला छोटा हँडी रेकॉर्डर त्याला पुरतो. मी एच१एन धरून सांगतोय, बाकीच्यांत मेनू वेगळा पण काम तेच.

सेटिंग आधी करून ठेवा: वेव्ह फॉरमॅट, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ (व्हिडिओला ४८च चालतं, ४४.१ सीडीसाठी). तासाला साधारण १ जीबी लागते. ऑटो लेव्हल बंद म्हणजे बंदच, नाहीतर आलापात रेकॉर्डर आवाज चढवत बसतो, पंख्याची घरघर वर येते आणि तबला सुरू झाला की सगळं एकदम दबतं. लो कटसुद्धा बंद, भाषणाला तो ठीक आहे पण इथे डग्ग्याचा खर्जच कापला जातो. दोन ट्रिपल ए सेल नवे टाका आणि रेकॉर्डिंग सुरू झालं की बटण होल्डवर सरकवा म्हणजे कुणाचा धक्का लागून बंद पडणार नाही.

आता जागा, निम्म्याहून जास्त काम इथेच होतं. रेकॉर्डर फोनच्या शेजारी ठेवायचा मोह होतो, तो टाळा. फोनला सगळे दिसायला हवेत म्हणून तो लांब, रेकॉर्डर मात्र गाणाऱ्यापासून एक-दीड मीटरवर, तोंडाच्या उंचीच्या जरा वर, छोट्या स्टँडवर, फ्रेममध्ये थोडा दिसला तरी दिसू दे. तबला जास्त येतोय का? लेव्हलला हात लावू नका, रेकॉर्डर वीतभर हार्मोनियमकडे सरकवा आणि परत ऐका, हेडफोन लावूनच ऐका. टास्कॅम डीआर-०५एक्सचे माइक सगळ्या दिशांचं ऐकतात म्हणून तो अजून थोडा जवळ लागतो. लाकडी चौथऱ्यावर स्टँड ठेवलात तर तबल्याचा धक्का खालून येतो, खाली जाड घडी घाला. पंखा, फ्रिज बंद. खोली घुमत असेल तर पडदे ओढा, गाद्या, सतरंज्या टाका, नंतर कुठलंही सॉफ्टवेअर तो घुमा नीट काढत नाही.

लेव्हल ठरवताना आलाप नको, द्रुत तान आणि तबल्याची जोरकस तिहाई वाजवून घ्या, मीटरचं टोक उणे १२ डीबीच्या आसपास राहिलं पाहिजे. प्रत्यक्ष बैठकीत कलाकार रंगला की टेस्टपेक्षा जोरात वाजवतो, ती जागा सोडलेली बरी, मीटर शून्य डीबीला टेकून फाटलेला आवाज परत मिळत नाही.

फोन एअरप्लेन मोडवर, एक्स्पोजर आणि फोकस लॉक. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मॅन्युअल मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, दिवे लुकलुकणार नाहीत. मग दोन्ही सुरू करा, तानपुरा लावायच्या आधी वीसेक सेकंद रिकाम्या खोलीचा आवाज घ्या आणि फोनला दिसेल अशी एक कडक टाळी वाजवा. बैठक संपल्यावर बंद करण्याआधी अजून एक टाळी, ही लोक विसरतात आणि तीच फार उपयोगी पडते.

एडिटिंगला डाविंची रिझॉल्व्हचं फुकट व्हर्जन पुरेसं आहे. फोनचा फ्रेम रेट बऱ्याचदा कमीजास्त होत असतो, त्यामुळे आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट (एकसारखा) फ्रेम रेट करून घ्या. मग मीडिया पूलमध्ये दोन्ही क्लिप निवडून राइट क्लिक, ऑटो सिंक ऑडिओ, वेव्हफॉर्म. नाही जुळलं तर टाळीचा उंच काटा दोन्हीकडे शोधून हाताने जुळवा आणि फोनचा आवाज म्यूट करा.

आता शेवटची टाळी बघा. दोन उपकरणांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात, तासाभराच्या बैठकीत काही फ्रेमचा फरक पडू शकतो, २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, तीन-चार फ्रेम सरकले की बोट आणि बोल वेगळे दिसायला लागतात. अशा वेळी आवाजाला कात्री लावायची नाही, तानपुरा चालू असतो, सांधा लगेच कळतो. चित्र कापा. दोन बंदिशींच्या मधे श्रोत्यांचा किंवा हार्मोनियमवरच्या हातांचा शॉट टाका आणि पुढचं चित्र परत आवाजाशी जुळवून घ्या.

नॉइज रिडक्शन जपून. तानपुरा अखंड एकसारखा वाजतो, सॉफ्टवेअरला तो खरखरीसारखाच वाटतो आणि त्याचा जीव जातो. सुरुवातीचे ते वीस सेकंद नमुना म्हणून द्या आणि अगदी हलकं लावा, तानपुऱ्याची जवारी (तारेची ती भरीव झणझण) कमी झाली असं वाटलं तर काढून टाका. कॉम्प्रेसर, म्हणजे लहान-मोठ्या आवाजातला फरक दाबणारं साधन, नकोच. यूट्यूब उणे १४ लफ्सपेक्षा (लफ्स म्हणजे कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) मोठा आवाज स्वतःच खाली आणतो, मग दाबून मोठा करून मिळतं काय? सर्वात मोठी जागा उणे १ डीबीवर येईल एवढंच वाढवा, एक्सपोर्टला ऑडिओ एएसी फॉरमॅट, ३२० केबीपीएस ठेवा आणि मूळ वेव्ह फाइल दुसऱ्या डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करू नका.