यूपीएसची यूएसबी केबल: नव्या सिस्टिम ॲडमिनसाठी

सर्व्हर सांभाळायच्या कामाला नवीन मुलं आली की मी त्यांच्या हातात आधी यूपीएस देतो. यूएसबी, परवानग्या, सर्व्हिसेस, मशीन बंद होण्याचा क्रम, बायोस (मशीन सुरू होतानाची मूळ सेटिंग्ज), सगळं या एका कामात हाताखालून जातं. शिवाय गरजही खरी आहे. तालुक्याच्या गावातली पतसंस्था, लॅब, दवाखाना, कुठेही जा. वळवाचा पाऊस आला की लाईट गेलीच. यूपीएस असतो, त्याच्या मागे यूएसबीचं पोर्टही असतं, आणि केबल मात्र खोक्यातच पडून असते. मग बॅटरी संपेपर्यंत यूपीएस ओरडत राहतो आणि डेटाबेस लिहिता लिहिता मशीन धाडकन बंद पडतं.

केबल जोडली तरी ड्रायव्हर, म्हणजे यूपीएसशी बोलणारा प्रोग्राम, नीट लावल्याशिवाय काही बदलत नाही. आणि या सगळ्या व्यवस्थेचं काम मशीन चालू ठेवणं हे नाही. ते वेळेवर, नीट बंद करणं आणि लाईट आली की आपोआप उठवणं हे तिचं काम. एवढं डोक्यात पक्कं असलं की पुढच्या प्रत्येक सेटिंगचा अर्थ लागतो.

चांगले यूपीएस संगणकाशी एचआयडी पद्धतीने बोलतात, म्हणजे कीबोर्ड-माउसच्याच कुळातले. वीज-उपकरणांसाठीची त्याची प्रमाण कोष्टकं १९९७ सालची आहेत. म्हणूनच विंडोजला असा यूपीएस जोडला की लॅपटॉपसारखं बॅटरीचं चिन्ह दिसू लागतं. लिनक्सवर आपण नेटवर्क यूपीएस टूल्स, म्हणजे ‘नट’ वापरतो.

सुरुवात एलएसयूएसबी या कमांडपासून करा, ती जोडलेल्या यूएसबी उपकरणांची यादी देते. यादीत कंपनीचा क्रमांक ०५१डी दिसला तर एपीसी, ०४६३ म्हणजे ईटन, ०७६४ म्हणजे सायबरपॉवर. या तिघांना बहुतेक वेळा यूएसबीएचआयडी-यूपीएस हा ड्रायव्हर चालतो. पण आपल्याकडच्या स्वस्त यूपीएसवर पुष्कळदा ०६६५:५१६१ दिसतं आणि नाव सायप्रेस सेमीकंडक्टर. तो यूपीएसचा कारखानदार नव्हे, आतल्या यूएसबी चिपचा. अशा वेळी ड्रायव्हर नटडीआरव्ही-क्यूएक्स लावायचा. नवी मुलं सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवतात. खोक्यावरचं नाव बघून ड्रायव्हर निवडू नका, हा आकडा बघून निवडा.

नटचे तीन थर आहेत. ड्रायव्हर यूपीएसशी बोलतो. यूपीएसडी ती माहिती नेटवर्कवर ३४९३ या पोर्टवर ठेवतो. यूपीएसमॉन ती वाचून मशीन बंद करायचं की नाही ते ठरवतो. काही अडलं की आधी कोणत्या थरात अडलंय ते शोधा. यूपीएस डॉट कॉन्फ या फाइलमध्ये चौकोनी कंसात यूपीएसचं नाव, खाली ड्रायव्हर, आणि पोर्टसमोर ‘ऑटो’. यूएसबीला पोर्टची ती किंमत लागत नाही, पण ओळ असावीच लागते. डेबियन-उबंटूवर नट डॉट कॉन्फमधला मोड सुरुवातीला ‘नन’ असतो. तो ‘स्टँडअलोन’ केल्याशिवाय काहीच सुरू होत नाही.

ड्रायव्हर यूपीएस सापडत नाही म्हणाला तर घाईने पॅकेज काढून पुन्हा टाकू नका. ड्रायव्हर ‘नट’ या युजरच्या नावाने चालतो आणि यूएसबीचं उपकरण मुळात रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी युजरच्या मालकीचं असतं. युडेव्हचे, म्हणजे लिनक्समध्ये उपकरणं सांभाळणाऱ्या भागाचे, नियम ती परवानगी देतात, पण उपकरण जोडताना. नट बसवण्याआधीपासून केबल लावलेली असेल तर एकदा काढून पुन्हा लावा. तरीही जमलं नाही तर ड्रायव्हर हाताने, रूट म्हणून, डीबग चालू ठेवून चालवून पाहा. तसा चालला तर अडचण परवानगीचीच.

मग यूपीएसची स्थिती दाखवणारी यूपीएससी ही नटची कमांड द्या. स्थितीसमोर ‘ओएल’ म्हणजे लाईट आहे, ‘ओबी’ म्हणजे बॅटरीवर, ‘एलबी’ म्हणजे बॅटरी संपत आली. ओबी आणि एलबी एकत्र आले की यूपीएसमॉन मशीन बंद करायला घेतो.

इथून पुढचं बरेच जण अर्धवट सोडतात. समजा बॅटरी संपत आली, मशीन बंद व्हायला लागलं, आणि तेवढ्यात लाईट आली. यूपीएसने वीज तोडलीच नाही तर मशीन बंद होऊन तसंच राहील. वीज गेलीच नाही, मग ते पुन्हा सुरू कशाला होईल? रविवारी रात्री असं झालं तर सोमवारी सकाळी शाखा उघडते, दिवे चालू असतात, सर्व्हर बंद, आणि काउंटरवर पेन्शनवाल्यांची रांग. त्या रांगेतल्या माणसांना ताटकळत उभं राहावं लागू नये म्हणून हे काम मन लावून करायचं.

त्यासाठी नट बंद होण्याच्या अगदी शेवटी यूपीएसलाच बंद व्हायचा हुकूम देतो. यूएसबीएचआयडी-यूपीएसमध्ये ऑफ-डिले मुळात २० सेकंद आणि ऑन-डिले ३० सेकंद असतो. म्हणजे हुकूम मिळाल्यावर २० सेकंदांनी यूपीएस वीज तोडतो, आणि लाईट असेल तर थोड्या वेळाने पुन्हा देतो. ऑन-डिले नेहमी ऑफ-डिलेपेक्षा जास्त ठेवा. यूपीएसमॉन डॉट कॉन्फमध्ये पॉवरडाउनफ्लॅगची (यूपीएसलाही बंद करायचंय ही खूण) ओळ आहे ना, ते तपासा. आणि बायोसमध्ये वीज परत आल्यावर मशीन सुरू व्हावं ही सेटिंग चालू करा. तिन्ही गोष्टी जमल्या तरच साखळी पुरी होते.

बॅटरी जुनी झाली की यूपीएसच्या एलबीवर विसंबू नका. उन्हाळ्यात बंद खोलीत तापलेली बॅटरी चाळीस टक्क्यांवरून एकदम झोपते. ‘इग्नोर-एलबी’ लावून बॅटरीची खालची मर्यादा स्वतः वाढवून द्या. क्यूएक्स ड्रायव्हरवर पुष्कळदा टक्केवारी मिळतच नाही, फक्त व्होल्टेज मिळतं. तिथे भरलेल्या आणि रिकाम्या बॅटरीचं व्होल्टेज तुम्हालाच लिहून द्यावं लागतं. १२ व्होल्टच्या बॅटरीला १३.० आणि १०.४ धरून सुरुवात करता येते.

चाचणी केल्याशिवाय काम झालं असं कुणाला सांगू नका. आधी मशीन भिंतीच्या सॉकेटवर घ्या, यूपीएसवर १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा, यूएसबी केबल राहू द्या. मग यूपीएसच्या सॉकेटचं भिंतीवरचं बटण बंद करा. प्लग उपटू नका, नाहीतर अर्थिंगही सुटतं. मशीन कधी बंद झालं, त्यानंतर किती सेकंदांनी बल्ब विझला, हे वहीत लिहा. मशीन पूर्ण बंद व्हायच्या आत बल्ब विझत असेल तर ऑफ-डिले वाढवा. मशीन बंद होत असतानाच बटण चालू करून पुन्हा हेच करा. बल्ब एकदा विझून परत लागला पाहिजे. हे दोन्ही जमल्यावरच सर्व्हर यूपीएसवर घ्या, आणि शेवटची चाचणी शाखा बंद झाल्यावर, बॅकअप घेऊन, खऱ्या लोडवर करा.