फवारणी मृगाच्या आधीच करा: सुपारी, माड आणि आंब्यावरचे रोग ओळखायचे कसे, आवरायचे कसे

मे संपत आला की ओळखीतले दोन-तीन फोन येतातच, सुपारीला फवारणी आत्ता करू की पाऊस लागल्यावर बघू. पाऊस लागल्यावर नका बघू. कोळेरोगाचं, म्हणजे सुपारीची फळं कुजून गळतात त्या बुरशीच्या रोगाचं, जे औषध आहे ना, ते फळावर आधीपासून बसलेलं असेल तरच काम करतं, एकदा बुरशी आत शिरली की वरून कितीही मारा, ते फळ गळणारच.

आमची वाडी गुहागरकडे. एका वर्षी जुलैत झड थांबेचना म्हणून दुसरी फवारणी राहून गेली आणि आठवड्याभरात झाडाखाली हिरव्या सुपाऱ्यांचा सडा पडला. एक उचलून नीट बघितली तर देठाकडे, टोपीला लागून, पाण्यात भिजल्यासारखा गडद हिरवा डाग होता आणि फळाची चकाकी गेलेली. तीच सुपारी ओटीवर ठेवली तर दोन दिवसांत तिच्यावर कापसासारखी पांढरी बुरशी आली. हीच कोळेरोगाची खूण (कोळे म्हणजे कन्नडमध्ये कुजणं). फळगळ इतर कारणांनीही होते, पण डाग देठाकडून सुरू झालाय आणि वर पांढरं दिसतंय म्हटल्यावर शंका ठेवायची नाही. तेव्हा एका दुकानात मला कीटकनाशक गळ्यात मारलं होतं, पैसे गेले आणि गळ काही थांबली नाही, म्हणून सांगतो, दुकानात जाताना गळलेलं फळ पिशवीत घालून न्या आणि बुरशीचं औषध हवंय असं स्पष्ट सांगा.

औषध जुनंच, बोर्डो मिश्रण. फ्रान्समध्ये १८८५ साली द्राक्षांसाठी आलं आणि १९१० च्या सुमारास म्हैसूर संस्थानात कोलमन यांनी ते सुपारीच्या कोळेरोगावर वापरून दाखवलं. एक टक्का करायचं तर १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. मोरचूद कुटून फडक्यात बांधायचं आणि ५० लिटर पाण्यात रात्रभर वरच्या वर लटकत ठेवायचं, तळाशी टाकलं तर विरघळायला फार वेळ लागतो. चुना वेगळ्या पिंपात विरवून, गाळून उरलेल्या ५० लिटरमध्ये घ्यायचा. मग मोरचुदाचं पाणी हळूहळू चुन्याच्या पाण्यात ओतायचं आणि लाकडी दांड्याने ढवळत राहायचं. उलटं नको, म्हणजे चुना मोरचुदात ओतायचा नाही. पिंप प्लास्टिकचं घ्या, लोखंडी किंवा पत्र्याचं अजिबात नको.

रंग छान आकाशी आला म्हणून लगेच पंपात भरू नका. घासून लख्ख केलेली कोयती मिनिटभर त्यात बुडवून बघा, पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय, ते फळं-पानं भाजतं, मग थोडी चुन्याची निवळी घालायची आणि कोयती पुसून परत बुडवायची, पातं स्वच्छ निघेपर्यंत. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं, उद्यासाठी ठेवायचं नाही.

पहिली फवारणी मृगाच्या आधी, दुसरी ४०-४५ दिवसांनी उघडीप मिळेल तेव्हा, स्टीकर (औषध फळाला चिकटून राहावं म्हणून घालायचं द्रव्य) घालून. शिंपुटं (सुपारीचे घड) सगळीकडून भिजली पाहिजेत, नुसती समोरून नाही, त्यामुळे पाडेली (झाडावर चढणारा गडी) आत्ताच सांगून ठेवा, जूनच्या तोंडावर सगळ्यांनाच तो हवा असतो. झाडं थोडीच असतील तर शिंपुटांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या तरी चालतं, खालचं तोंड उघडं ठेवून. गळलेली फळं मात्र रोज गोळा करून वाडीबाहेर पुरा किंवा जाळा. हे कंटाळवाणं काम आहे, पण माझ्या मते अर्धी लढाई इथेच आहे, कारण रोगट फळं तिथेच पडून राहिली की पावसाच्या शिंतोड्यांबरोबर रोग पसरत राहतो.

माडाचं दुखणं वेगळं. मधली सुई (शेंड्याची न उलगडलेली कोवळी झावळी) पिवळी पडून सुकली आणि ओढल्यावर सहज हातात आली, वर घाण वास आला, तर कोंब कुजतोय. कुजलेला भाग पार निरोगी भागापर्यंत खरवडून काढायचा, बोर्डो पेस्ट लावायची (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी) आणि पाऊस आत जाणार नाही असं झाकून ठेवायचं. पण झावळ्या कातरीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसत असतील तर तो गेंड्या भुंगा, त्याला पेस्ट लावून काही होणार नाही.

आंब्याला बोट फिरवून बघायची सवय लावा. मोहोरावर पांढरी राख आहे आणि ती बोटाला येते, तर भुरी, थंडी आणि दव पडायला लागलं की ही येते. पाण्यात विरघळणारं गंधक १० लिटरला २० ग्रॅम, सकाळी किंवा संध्याकाळी, कडक उन्हात मारलं तर मोहोर करपतो. पानं चिकट आणि काळं पुसलं जातंय तर ती काजळी, तिथे मूळ दुखणं तुडतुड्यांचं (रस शोषणारे किडे), आधी ते आवरा. पानावर तपकिरी-काळे ठिपके आहेत आणि ते पुसलेच जात नाहीत, तर करपा, तिथे ताम्रयुक्त बुरशीनाशक मारा आणि वाळक्या रोगट फांद्या छाटून जाळा. मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक मारू नका, माश्या मरतात आणि मग फळ धरणार कुठून.

घरापुढे लॉन केलं असेल तर पावसाळ्यात त्यात गोल तपकिरी चट्टे पडतात. तिथे औषधाच्या आधी पाणी कुठे साचतंय ते बघा, चर काढून द्या, संध्याकाळी पाणी घालणं बंद करा आणि गवत मुळापासून खरवडल्यासारखं बारीक कापू नका.

आणि सुपारी काढून झाल्यावर झाडावर अडकलेली वाळकी रोगट शिंपुटं पाडेल्याकडून आठवणीने उतरवून घ्या, पुढच्या जूनला रोग तिथूनच खाली येतो.