पाकिस्तानच्या राजकारणातला लष्कराचा हात: बातमी तपासायची कशी

इस्लामाबादेतलं सरकार डळमळू लागलं की एक प्रश्न ठरलेला असतो: लष्कर सत्ता घेणार का? हा प्रश्न वाचकाला भलत्याच दिशेला नेतो. लष्कराने उघड सत्ता घेतली ती चार वेळा: ऑक्टोबर १९५८, मार्च १९६९, जुलै १९७७ आणि ऑक्टोबर १९९९. त्यानंतरच्या लष्करी राजवटींचा काळ वगळला तर उरलेली वर्षं कागदोपत्री नागरी सरकारांची होती. तरीही आजवर एकाही पंतप्रधानाला पाच वर्षांची पूर्ण मुदत मिळालेली नाही. म्हणून रणगाडे कुठे दिसतात ते सोडा आणि कागद शोधा. नेमणुकीचा आदेश, न्यायालयाचा निकाल, पक्षांतराची तारीख, मतमोजणीचा फॉर्म आणि अर्थसंकल्पातला आकडा, या पाच ठिकाणी खूण सापडते.

आधी तारखांचा तक्ता करा

एका वहीत किंवा शीटमध्ये चार रकाने आखा: तारीख, काय घडलं, कोणत्या कलमाखाली, सही कोणाची. पहिली नोंद लष्करप्रमुखाच्या नेमणुकीची करा. राज्यघटनेच्या कलम २४३ नुसार राष्ट्रपती पंतप्रधानांच्या सल्ल्याने ही नेमणूक करतात. मुदत पूर्वी तीन वर्षांची होती. २०१९ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल कमर जावेद बाजवा यांच्या मुदतवाढीला सर्वोच्च न्यायालयाने हरकत घेतली. कायद्यात अशा मुदतवाढीची तरतूदच सापडत नव्हती. जानेवारी २०२० मध्ये संसदेने लष्करी कायदा बदलला, आणि त्या वेळी सरकार व मोठे विरोधी पक्ष एकाच बाजूने मतदान करत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुदत पाच वर्षांची झाली. मे २०२५ मध्ये लष्करप्रमुख जनरल आसिम मुनीर फील्ड मार्शल झाले आणि नोव्हेंबर २०२५ च्या २७ व्या घटनादुरुस्तीने लष्करप्रमुखाकडेच तिन्ही दलांच्या प्रमुखाचं पदही दिलं. हे सगळं संसदेत, मतदानाने, राजपत्रात छापून झालं.

प्रत्येक नेमणुकीच्या आधीचे आणि नंतरचे सहा महिने वेगळ्या रंगाने दाखवा. आयएसआय या लष्करी गुप्तहेर संस्थेच्या महासंचालकाची नेमणूकही याच तक्त्यात येते. ऑक्टोबर २०२१ मध्ये लष्कराने नवं नाव जाहीर केलं, पण पंतप्रधान इम्रान खान यांच्या कार्यालयाकडून अधिसूचना निघायला जवळपास तीन आठवडे लागले. एप्रिल २०२२ मध्ये अविश्वास ठराव मंजूर होऊन त्यांचं सरकार गेलं. एवढ्याने एकामुळे दुसरं घडलं हे सिद्ध होत नाही, पण बारकाईने कुठे पाहायचं ते कळतं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे नवा प्रमुख ‘कोणाचा माणूस’ आहे यावर अंदाज बांधणं. पंतप्रधान झुल्फिकार अली भुट्टोंनी ज्येष्ठांना डावलून झिया-उल-हक यांना नेमलं, तर १९९८ मध्ये नवाझ शरीफ यांनी ज्येष्ठांना डावलून मुशर्रफ यांना. दोघांनाही त्याच नेमलेल्या माणसाने खाली खेचलं. प्रमुखाची ताकद नेमणाऱ्याच्या मर्जीवर चालत नाही, ती कोअर कमांडरांच्या, म्हणजे लष्कराच्या मोठ्या विभागांच्या सेनापतींच्या, साथीवर उभी असते. १२ ऑक्टोबर १९९९ ला मुशर्रफ कोलंबोहून परतीच्या विमानात असतानाच त्यांना पदावरून काढण्यात आलं. रावळपिंडीतल्या सैन्याने तो हुकूम मानला नाही, आणि विमान कराचीत उतरेपर्यंत पारडं फिरलेलं होतं. म्हणून कोअर कमांडरांच्या बैठकीनंतर आयएसपीआर हा लष्कराचा प्रसिद्धी विभाग जे निवेदन काढतो ते नेमाने वाचा आणि आधीच्या निवेदनाशेजारी ठेवा. सीमेबद्दलची वाक्यं सारखीच असतात. देशांतर्गत राजकारणाबद्दल नवं वाक्य शिरलं असेल तर ते तारखेसह उतरवून घ्या.

न्यायालयाचा निकाल वाचताना तारीख आधी पाहा

उघड लष्करी सत्तेचा क्रम जवळजवळ ठरलेला आहे. राज्यघटना स्थगित किंवा रद्द होते, न्यायमूर्तींना नवी शपथ घ्यायला लावतात, सर्वोच्च न्यायालय सत्तांतर वैध ठरवतं, आणि काही वर्षांनी संसद घटनादुरुस्ती करून झाल्या गोष्टींना संरक्षण देते. १९५८ चा दोसो खटला, १९७७ चा नुसरत भुट्टो खटला आणि २००० चा जफर अली शाह खटला ही मधली पायरी. तिसऱ्या निकालाने मुशर्रफ यांना तीन वर्षं दिलीच, शिवाय घटना बदलण्याचा अधिकारही दिला. शेवटची पायरी १९८५ ची आठवी आणि २००३ ची सतरावी घटनादुरुस्ती. आठव्या दुरुस्तीतल्या कलम ५८(२)(ब) ने राष्ट्रपतीला नॅशनल असेंब्ली, म्हणजे संसदेचं कनिष्ठ सभागृह, बरखास्त करता येऊ लागली. १९८८, १९९०, १९९३ आणि १९९६ असं चार वेळा या एका पोटकलमाने सरकार बरखास्त झालं. फौज बराकीतून बाहेर काढायची गरजच पडली नाही.

लष्कराविरुद्धचे निकालही आहेत, पण त्यांची वेळ बघा. मार्च १९६९ मध्ये सत्ता घेणाऱ्या जनरल याह्या खान यांना सत्ता बळकावणारा ठरवणारा अस्मा जिलानी निकाल १९७२ चा, म्हणजे याह्या गेल्यानंतरचा. १९९० च्या निवडणुकीत आयएसआयने राजकारण्यांना पैसे वाटल्याबद्दल माजी हवाईदलप्रमुख असगर खान यांनी १९९६ मध्ये याचिका केली, निकाल २०१२ मध्ये लागला. मुशर्रफ यांना देशद्रोहासाठी डिसेंबर २०१९ मध्ये फाशीची शिक्षा झाली, ती पुढच्याच महिन्यात लाहोर उच्च न्यायालयाने निष्प्रभ केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये कायम केली तोवर ते हयात नव्हते. म्हणून शीटमध्ये आणखी एक रकाना जोडा: निकालाच्या दिवशी ती व्यक्ती पदावर होती का?

नागरी काळात चौकशी समितीत कोण आहे ते पाहा. २८ जुलै २०१७ ला पंतप्रधान नवाझ शरीफ लोकप्रतिनिधीच्या सचोटीची अट घालणाऱ्या कलम ६२(१)(फ) खाली अपात्र ठरले. त्याआधी ज्या सहा जणांच्या पथकाने आर्थिक व्यवहार तपासले, त्यात आयएसआय आणि मिलिटरी इंटेलिजन्सचा प्रत्येकी एक अधिकारी होता. पैशांच्या व्यवहाराच्या चौकशीत गुप्तहेर खात्याचं काय काम, हा प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारण्यासाठी शरीफ निर्दोष असण्याची गरज नाही.

निवडणुकीआधीचं वर्ष

एकटा नेता पक्ष सोडतो ते साधं राजकारण. एकाच भागातले बरेच आमदार-खासदार काही दिवसांत एकत्र बाहेर पडले, लगेच नवा पक्ष निघाला आणि त्या पक्षाला लगेच पदं मिळाली, तर जास्त लक्ष द्या. बलुचिस्तानात जानेवारी २०१८ मध्ये मुख्यमंत्री सनाउल्ला जेहरी यांना राजीनामा द्यावा लागला. मार्चमध्ये तिथूनच आलेले सादिक संजरानी सिनेटचे अध्यक्ष झाले आणि त्याच महिन्यात बलुचिस्तान अवामी पार्टी स्थापन झाली. त्या वर्षी वारं इम्रान खान यांच्या पाठीशी होतं. त्यांच्या अटकेवरून ९ मे २०२३ ला झालेल्या हिंसाचारानंतर त्यांच्याच पक्षाचे नेते एकामागून एक पत्रकार परिषदा घेऊन बाहेर पडले आणि जूनमध्ये इस्तेहकाम-ए-पाकिस्तान पार्टी उभी राहिली. पक्ष बदलला तरी पद्धत तीच राहते. त्यामुळे आपल्या आवडत्या नेत्याच्या बाजूने ही पद्धत वापरली गेली तेव्हाची नोंदही तितक्याच प्रामाणिकपणे करा.

फॉर्म ४५ आणि फॉर्म ४७ ची पडताळणी

मतदान केंद्रावरच मोजणी होते आणि केंद्राध्यक्ष फॉर्म ४५ भरतो. त्याची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना मिळते. सगळ्या केंद्रांची बेरीज करून निवडणूक निर्णय अधिकारी फॉर्म ४७ वर तात्पुरता निकाल देतो. तपासणी अशी करा:

१. मतदारसंघातल्या केंद्रांची एकूण संख्या घ्या आणि तुमच्याकडे किती फॉर्म ४५ आहेत ते मोजा. दहा टक्के जरी कमी असले तरी बेरजेवरून निष्कर्ष काढू नका.
२. प्रत्येक फॉर्मवर उमेदवारांची मतं अधिक बाद मतं ही बेरीज टाकलेल्या एकूण मतांशी जुळते का ते पाहा.
३. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरची प्रत आणि पक्षाने दिलेली प्रत शेजारी ठेवा. सही, शिक्का, खाडाखोड तपासा.
४. सगळ्यांची बेरीज फॉर्म ४७ शी ताडून बघा.
५. बाद मतं आणि विजयाचं अंतर यांची तुलना करा.

पक्षाने दिलेला फॉर्म खरा आणि आयोगाचा खोटा असं गृहीत धरलं की पडताळणी तिथेच बिघडते. तफावत सापडली तर आकडे जुळत नाहीत एवढंच सिद्ध होतं. कोणाच्या सांगण्यावरून, ते फॉर्मवर लिहिलेलं नसतं.

लष्कराच्या मर्यादाही इथेच दिसतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये इम्रान खान तुरुंगात होते, पक्षाचं बॅट हे चिन्ह गेलं होतं, मतदानाच्या दिवशी मोबाइल सेवा बंद होती. तरीही त्यांच्या पाठिंब्याचे अपक्ष सर्वांत मोठा गट म्हणून निवडून आले. ज्या विश्लेषणात या निकालाला जागा नाही, ते सोडून द्या.

पैसा

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी २,५५० अब्ज पाकिस्तानी रुपये आहेत. निवृत्त सैनिकांची पेन्शन यात धरलेली नाही, ती वेगळ्या शीर्षाखाली शोधावी लागते. मुशर्रफ यांच्या काळापासून ती नागरी खर्चात दाखवतात. दोन्ही आकडे एकत्र केल्याशिवाय कुठल्याही दुसऱ्या देशाशी तुलना करू नका. अर्थसंकल्पाबाहेर फौजी फाउंडेशन, आर्मी वेलफेअर ट्रस्ट आणि डिफेन्स हाउसिंग अथॉरिटी यांचा खत, सिमेंट, बँकिंग, जमिनी यांतला पसारा आहे. जून २०२३ मध्ये गुंतवणुकीसाठी निघालेल्या विशेष परिषदेच्या सर्वोच्च समितीत लष्करप्रमुख बसतात, हे सरकार स्वतःच जाहीर करतं.

नोंदींना दर्जा द्या

शेवटचा रकाना पुराव्याच्या दर्जाचा. ‘अ’ म्हणजे निकालपत्र, राजपत्र, अधिकृत अधिसूचना. ‘ब’ म्हणजे संबंधित माणसाने उघडपणे केलेलं विधान. नोव्हेंबर २०२२ मध्ये निवृत्तीच्या तोंडावर जनरल बाजवा यांनी लष्कराची राजकारणातली ढवळाढवळ घटनाबाह्य होती असं भाषणात मान्य केलं, आणि फेब्रुवारी २०२१ पासून लष्कर दूर राहिल्याचा दावाही केला. पहिला भाग स्वतःविरुद्धची कबुली आहे, त्याला ‘ब’ द्या. दुसरा भाग स्वतःच्या बचावाचा आहे, त्याला ‘क’ द्या. सूत्रांच्या हवाल्याने आलेली बातमी आणि सत्ता गमावलेल्या नेत्याचा आरोप हेही ‘क’.

राजकारण्यांना मात्र या नोंदींतून सूट देऊ नका. मे २००६ मध्ये बेनझीर भुट्टो आणि नवाझ शरीफ यांनी लंडनमध्ये लोकशाहीच्या सनदेवर सह्या केल्या आणि लष्कराच्या मदतीने सत्ता मिळवणार नाही असं लिहून दिलं. २०११ मध्ये मेमो प्रकरणात, म्हणजे लष्कराला आवरण्यासाठी अमेरिकेची मदत मागणाऱ्या कथित पत्रावरून, लष्कर आणि भुट्टोंच्या पीपल्स पार्टीचं सरकार समोरासमोर आले, तेव्हा सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका घेऊन शरीफ स्वतः गेले. ही नोंद ‘अ’ दर्जाची आहे.