नागपूरहून ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कला कसं जावं

नागपूरच्या माणसाला जंगल नवीन नसतं. ताडोबा, पेंच, उमरेड-कऱ्हांडला, बोर, नागझिरा ही सगळी हाकेच्या अंतरावर. गेट, जिप्सी, गाईड, पाणवठा, वाघ असा क्रम आपल्या अंगवळणी पडलेला असतो. हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यातल्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये यातलं काहीच नाही. उद्यानाच्या आत गाडीरस्ताच नाही. जे बघायचं ते पायांनी चालून आणि कान उघडे ठेवून. म्हणून या सहलीची सगळी आखणी एकाच गोष्टीभोवती करा: आपण हळू चालणार आहोत आणि त्यासाठी पुरेसे दिवस हाताशी ठेवणार आहोत.

उद्यानाचं क्षेत्र सुमारे ७५४ चौरस किलोमीटर आहे. १९९९ साली त्याची अंतिम अधिसूचना निघाली आणि २०१४ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा यादीत घेतलं. तीर्थन, सैंज, जीवा आणि पार्वती ही इथली मुख्य खोरी. पहिल्यांदा जाणाऱ्यानं तीर्थन खोरं निवडावं असं मी आग्रहानं सांगेन. पोहोचायला सोपं, वाट स्पष्ट, आणि पक्षी भरपूर.

आधी महिना ठरवा

एप्रिलच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत आणि सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, हे दोन हंगाम. पक्ष्यांसाठी जायचं असेल तर पहिला घ्या, कारण नर तेव्हा ओरडत असतात आणि जागा कळते. निरभ्र आकाश आणि स्वच्छ डोंगर हवे असतील तर ऑक्टोबर. मुलांच्या सुट्ट्यांमुळे नागपुरातली बहुतेक कुटुंबं मे महिन्यातच निघतात, आणि तोही काळ चांगलाच आहे. पावसाळ्यात मात्र जाऊ नका. दरडी कोसळतात, नद्या तासाभरात फुगतात. जुलै २०२३ मध्ये सैंजच्या बाजारातली घरं-दुकानं पुरात वाहून गेली, हे विसरू नये.

दोन महिने आधी पाय तयार करा

नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, आणि सगळं सपाट. तीर्थन खोऱ्यातल्या ज्या शिल्ट नावाच्या ठिकाणच्या झोपडीपर्यंत आपण चालत जाणार ती सुमारे ३,१०० मीटरवर. हे अंतर तयारीनंच भरून निघतं. आठवड्यातले चार-पाच दिवस पहाटे अंबाझरी किंवा फुटाळ्याला झपझप चाला. सेमिनरी हिल्सचा चढ-उतार त्याहून उपयोगी. इमारतीचे जिने लिफ्ट न वापरता चढा आणि मुख्य म्हणजे उतरा, कारण गुडघे उतारावर बोलतात. शेवटच्या महिन्यात रविवारी रामटेकला जा आणि अंबाळ्याच्या बाजूनं गडाच्या पायऱ्या पाठीवर सहा-सात किलोची सॅक घेऊन दोनदा करा. बूट याच काळात पायात मुरवायचे. नवे बूट घेऊन थेट पहाडात गेलात तर दुसऱ्या दिवशी टाचेला फोड येणारच.

दमा, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. उंचीवरच्या त्रासासाठीची गोळीही त्यांच्याच सल्ल्यानं घ्यायची.

परवाना आणि वाटाड्या

उद्यानात शिरायला परवाना लागतो आणि सोबत स्थानिक वाटाड्या असावाच लागतो. तीर्थनच्या बाजूनं परवान्याचं काम साई रोपा इथल्या वनखात्याच्या केंद्रात होतं. उद्यानाचं मुख्य कार्यालय भुंतरजवळ शमशीला आहे. आधार कार्डाच्या दोन-तीन प्रती, गटातल्या सगळ्यांची नावं आणि किती दिवस राहणार हे लिहून न्या. परवान्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळच ठेवा.

वाटाड्याबद्दल थोडं जास्त सांगावंसं वाटतं. उद्यानाच्या पश्चिमेला इकोझोन म्हणून राखलेला पट्टा आहे, त्यात दीडशेच्या आसपास खेडी आहेत. ही माणसं पिढ्यानपिढ्या या जंगलातून गुच्छी (रानातली महाग अळंबी) आणि जडीबुटी गोळा करत, उन्हाळ्यात मेंढ्या वरच्या कुरणांवर नेत. उद्यान झालं आणि ते हक्क गेले. त्या बदल्यात जी कामं गावात आली त्यात वाटाडे, हमाल, स्वयंपाकी ही कामं येतात. दिल्लीच्या एखाद्या मोठ्या कंपनीकडून सगळं ठरवून आणण्यापेक्षा तीर्थन खोऱ्यातल्या गुशैणी किंवा बंजारमध्ये गावातल्याच गटाकडून माणसं घ्या. ज्यांनी जंगल सोडलं त्यांच्या घरी पैसा पोहोचतो, आणि तुम्हाला त्या डोंगराची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस मिळतो. वाटाड्याला पहिल्याच दिवशी सांगा की आम्हाला जनावरं आणि पक्षी बघायचे आहेत, शिखर गाठायचं नाही. त्यावरून तो चालीचा वेग आणि उठण्याची वेळ ठरवतो.

सामान

सुती कपडे नागपुरात बरे, तिथं धोक्याचे. घामानं किंवा पावसानं भिजलेलं सूत वाळत नाही आणि अंगातली ऊब काढून घेतं. आत लवकर वाळणारा सिंथेटिक किंवा लोकरी थर, त्यावर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. कानटोपी, हातमोजे, लोकरी मोज्यांच्या तीन जोड्या. नागपुरात पारा ४५ च्या आसपास असताना हे सगळं बॅगेत भरणं जिवावर येतं, तरी भरा. डोक्याला लावायची बॅटरी, पॉवर बँक, दुर्बीण. दुर्बिणीवर पैसे वाचवू नका, ८×४२ ची मिळाली तर उत्तम. कपडे मातकट रंगाचे, लाल-पिवळे नकोत. चिक्की, सुकामेवा, घरचे लाडू जवळ असू द्या, कारण उंचीवर भूक मंदावते आणि ओळखीची चव असली की चार घास जातात.

प्रवास

नागपूर ते नवी दिल्ली रेल्वेनं साधारण १,०९० किलोमीटर. तामिळनाडू, केरळ, जीटी, तेलंगणा अशा गाड्या आहेत, शिवाय थेट विमानंही. दिल्लीच्या काश्मिरी गेट बस अड्ड्यावरून संध्याकाळी कुल्लू-मनालीची बस पकडायची आणि औटच्या बोगद्यापाशी उतरायचं. कंडक्टरला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहाटेच्या झोपेत औट मागे पडतं. तिथून लारजीवरून बंजार, आणि बंजारहून सुमारे १० किलोमीटरवर गुशैणी. एटीएमचं काम बंजारमध्येच उरका. गुशैणीच्या पुढे रोख पैसेच चालतात आणि मोबाइलवर भरवसा ठेवता येत नाही. घरी तसं सांगून ठेवा, म्हणजे कुणी काळजीत पडणार नाही.

चालणं कसं आखावं

पहिली रात्र गुशैणीत. प्रवासाचा शीण घालवा, लवकर झोपा. दुसऱ्या दिवशी नदीकाठानं रोल्ला या मुक्कामापर्यंत, साधारण ८ ते १० किलोमीटर. वाट खेड्यांमधून आणि शेतांमधून जाते, मग जंगल सुरू होतं. रोल्ला सुमारे २,१०० मीटरवर आहे.

तिसऱ्या दिवशी रोल्लातच थांबा. बरेच लोक हा दिवस वाचवतात आणि पुढच्याच सकाळी शिल्ट गाठायला निघतात. रोल्ला ते शिल्ट हा जवळजवळ १,००० मीटरचा सरळ चढ आहे. सपाटीवरून आलेल्या माणसाला तो तसाच अंगावर घेणं जड जातं. तिसऱ्या दिवशी अर्ध्या चढापर्यंत जाऊन परत या, शरीराला उंचीची सवय होते. आणि खालच्या जंगलात भेकर, घोरल (डोंगरी बकरीसारखं जनावर), कालीज (रानकोंबड्यासारखा पक्षी) यांची गाठ पडण्याची शक्यताही याच दिवशी जास्त.

चौथ्या दिवशी शिल्ट. वाटेत झाडं बदलत जातात, ती ओळखत चढलात तर दम कमी लागतो. खाली देवदार आणि कैल (एक पाइन), मग राई (स्प्रूस) आणि तोस (फर), त्यांच्यात खरसूचे (पहाडी ओकचे) जुने वृक्ष, वसंतात बुरांसाची (ऱ्होडोडेंड्रॉनची) लाल फुलं. पाचवा दिवस वरच घालवा. तब्येत चांगली असेल तर वाटाड्याबरोबर राखुंडीच्या कड्यापर्यंत जाऊन या. सहाव्या दिवशी उतरा.

डोकं दुखणं, मळमळ, भूक नसणं, झोप न लागणं, ही उंची लागल्याची लक्षणं अडीच हजार मीटरच्या वर कुणालाही होऊ शकतात, तरुणालाही. लक्षणं असतील तर वर चढू नका. वाढली, तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली तर त्याच वेळी खाली उतरा, रात्र असली तरी.

जनावरं दिसतात कशी

ताडोब्यात वानराचा, चितळाचा, सांबराचा कॉल ऐकून गाडी थांबवायची सवय इथं फार कामी येते. भेकराचं भुंकणं तर तेच. उजाडण्याआधी अर्धा तास झोपडीबाहेर या, जाड कपडे घालून एका जागी बसा. आधी कोक्लास या फेझंट पक्ष्याची बांग ऐकू येते. मग उताराच्या मोकळ्या कडेला मोनाल हा रंगीत फेझंट चरायला उतरतो आणि ऊन पडलं की त्याचे रंग खुलतात. सगळ्यात दुर्मीळ तो जुजुराना (वेस्टर्न ट्रॅगोपॅन), म्हणजे पक्ष्यांचा राजा, हिमाचलचा राज्यपक्षी. लहान मुलाच्या रडण्यासारखा त्याचा आवाज एप्रिल-मे महिन्यांत पहाटे बांबूच्या झुडपांतून येतो. तो दिसला नाही तरी ऐकू आला, ही मोठी गोष्ट समजा. रेकॉर्ड केलेला आवाज मोबाइलवर वाजवून त्याला बाहेर बोलावू नका. विणीच्या काळात पक्षी त्यानं बिथरतो आणि घरट्यापासून दूर जातो.

वरच्या कड्यांवर दुर्बिणीनं संथपणे बघत राहा. हिमालयन ताहर (रानबोकड) आणि भरल (रानमेंढा) खडकाच्याच रंगाचे असतात, हलले की दिसतात. कस्तुरीमृग आणि तपकिरी अस्वलही या उद्यानात आहेत. हिमबिबट्याही आहे, पण त्याच्या आशेवर सहल आखू नये. काळ्या अस्वलाबाबत सावध राहा: दाट झाडीत हलक्या आवाजात बोलत चाला म्हणजे ते अचानक समोर येत नाही, आणि खाण्याचे पदार्थ तंबूत उघडे ठेवू नका.

उतरताना प्लास्टिकचा प्रत्येक कागद, बॅटरीचे सेल, औषधांची पाकिटं खाली आणा. वाटाडे-हमालांचा हिशेब गुशैणीत समोरासमोर, रोखीनं पुरा करा. परतीच्या तिकिटात एक दिवस मोकळा ठेवा, पहाडी रस्ता कधीही बंद पडतो. दिवस वाचलाच तर बंजारहून सुमारे ३,१२० मीटरवरच्या जलोडी खिंडीत जा. तिथून सेरोलसर तळ्यापर्यंतची ५ किलोमीटरची वाट जंगलातूनच आहे, आणि आता उंचीची सवय झालेल्या पायांना ती सहज जमते.