नेट गेलं की आधी राउटरची पिन ओढू नका: छोट्या ऑफिसातल्या या चुका टाळा

दहा-पंधरा संगणकांच्या ऑफिसात ‘नेट गेलं’ अशी हाक आली की कुणीतरी धावत जाऊन राउटर बंद-चालू करतं. बिघाड शोधणाऱ्याचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. बहुतेक छोट्या राउटरांचा लॉग वीज जाताच पुसला जातो, त्रास तासाभरासाठी दबतो आणि कारण कळतच नाही. दोन मिनिटं कळ काढा.

आधी ओएनटीचे, म्हणजे फायबर ज्या डबीत येते तिचे दिवे बघा. ‘लॉस’चा दिवा लाल असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. वायर कुठे दबली-मुडपली नाही ना ते पाहून सरळ तक्रार नोंदवा. दिवे ठीक असतील तर केबलने जोडलेल्या संगणकावरून तीन पिंग करा, म्हणजे ‘आहेस का?’ अशी हाक देऊन उत्तर येतं का ते बघा: राउटरला (बहुधा १९२.१६८.१.१), मग ८.८.८.८ ला (इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर), मग एखाद्या साइटला नावानिशी. राउटरच उत्तर देत नसेल तर दोष ऑफिसच्या आत आहे. राउटर देतो पण ८.८.८.८ देत नाही, तर राउटरच्या पलीकडे शोधा. दोन्ही देतात आणि फक्त नाव सापडत नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणाऱ्या सेवेचा. हे वायफायवरून करू नका, नाहीतर वायफायचा दोष लाइनच्या माथी जाईल. आणि विंडोजमध्ये ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आलं तर खाली ‘लॉस’ (हरवलेली पिंग) शून्य टक्के दिसला तरी ते उत्तर नव्हे. नवशिके फक्त शेवटची ओळ वाचतात आणि इथेच फसतात.

आता सगळ्यात जास्त छळणारी चूक: दुसरा राउटर.

कोपऱ्यातल्या केबिनमध्ये रेंज येत नाही, म्हणून कुणीतरी घरचा जुना राउटर आणतं. स्विचची (सगळ्या संगणकांच्या केबल जिथे एकत्र येतात त्या डबीची) केबल त्याच्या लॅन पोर्टात, म्हणजे संगणक जोडायच्या खाचेत, लावली की वायफाय दिसू लागतं आणि काम झालं असं वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चार संगणकांना नेट नाही, बाकीच्यांना आहे. दुपारी वेगळेच चार. टॅलीचा डेटा काहींना उघडतो, काहींना नाही. लाइनवाला येतो, ओएनटीला लॅपटॉप लावून नेट चालतं हे दाखवतो आणि जातो. त्याचं बरोबरच असतं. मग कुणी विंडोज पुन्हा टाकतं, कुणी स्विच बदलतं, आणि रिटर्न भरायची तारीख तोंडावर असताना ऑफिस दोन दिवस खोळंबतं.

कारण एकच: नेटवर्कवर दोन डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे संगणकांना आयपी पत्ते वाटणारे दोघे. संगणक चालू होताना पत्ता मागतो आणि ज्याचं उत्तर आधी पोचतं त्याचाच पत्ता घेतो. जुना राउटर १९२.१६८.०.१ वर असेल तर तो त्याच मालिकेतला पत्ता देतो आणि गेटवे, म्हणजे बाहेर जायचा दरवाजा, म्हणून स्वतःलाच पुढे करतो. त्याच्या वॅन पोर्टात (बाहेरची लाइन जोडायच्या खाचेत) काहीच नाही, म्हणजे रस्ता तिथेच संपतो.

ओळखायला पाच मिनिटं पुरतात. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या, दोन्ही संगणकांवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग /ऑल’ (ipconfig /all) चालवा आणि ‘डीएचसीपी सर्व्हर’ची ओळ ताडून पाहा. आकडे वेगळे निघाले की चोर सापडला. (पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर उलटी गत: पत्ता द्यायला कुणीच पोचलं नाही. केबल आणि स्विच तपासा.)

जुना राउटर वापरायचाच असेल तर तो आधी नेटवर्कपासून सोडवा. एका लॅपटॉपला जोडून त्या राउटरचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, मग डीएचसीपी बंद करा, आणि नंतरच स्विचची केबल लॅन पोर्टात लावा. वॅन पोर्ट रिकामा. मुख्य राउटरची डीएचसीपी रेंज (वाटायच्या पत्त्यांचा शेवटचा आकडा) ५० पासून सुरू करा, म्हणजे २ हा आकडा दुसऱ्या कुणाला जाणार नाही. राउटरवर पत्ता लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. सहा महिन्यांनी रीसेटचं बटण दाबून हे सगळं कुणीतरी पुसतंच.

बाकीच्या चुका थोडक्यात.

१०० एमबीपीएसपेक्षा मोठा प्लॅन असून केबलवर स्पीड टेस्ट ९४ च्या आसपास अडकते? लाइनला दोष देऊ नका. कुठेतरी जोडणी १०० वर उतरली आहे. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. केबलच्या टोकाचा कनेक्टर नव्याने क्रिम्प करा (दाबून बसवा). आणि तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल घेऊ नका.

स्विचचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकत असतील तर एकाच केबलची दोन्ही टोकं स्विचमध्ये गेली आहेत का बघा.

दुपारी कॉल तुटतात, पण डाउनलोड बरा येतो? अपलोड भरलाय. सीसीटीव्हीचा किंवा ड्राइव्हचा बॅकअप रात्री ठेवा.

संगणकांना यूपीएस आणि ओएनटीला नाही, हे तर बहुतेक ऑफिसांत दिसतं. ओएनटी, राउटर आणि स्विच तिन्ही बॅकअपवर हवेत.

नेट अधूनमधून जात असेल तर ‘बघू पुन्हा गेलं की’ म्हणू नका. एका जुन्या लॅपटॉपवर ‘अपटाइम कुमा’ (जोडणीवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) टाका, तो केबलने जोडा, झोपू देऊ नका, आणि राउटर व ८.८.८.८ या दोघांनाही दर २० सेकंदांनी पिंग लावून आठवडाभर ठेवा. एखादं पिंग हुकलं तर सोडून द्या. राउटर चालू असताना बाहेरची सलग पाच हुकली तर ती वेळ टिपा. तक्रार करताना ‘नेट सारखं जातं’ऐवजी त्या वेळा, लॉसच्या दिव्याचा रंग आणि ओएनटीच्या सेटिंगच्या पानावर दिसणारी आरएक्स पॉवर (फायबरमधून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद) सांगा. ती उणे २७ डीबीएमच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल तर पुरवठादाराने जॉइंट आणि कनेक्टर तपासायलाच हवेत.