वेब सर्व्हरचा सीपीयू चढला, तर आधी दोषी थ्रेड शोधा

जावावर चालणाऱ्या वेब सर्व्हरची प्रक्रिया लिनक्सवर अकारण सीपीयू खाऊ लागली की ती लगेच रीस्टार्ट करण्याचा मोह होतो. पण त्याने पुरावाच पुसला जातो. त्याऐवजी ‘टॉप’ (top) ही चालू प्रक्रियांचा सीपीयू-वापर दाखवणारी कमांड सुरू करून कॅपिटल ‘एच’ (H) दाबावे, म्हणजे प्रत्येक थ्रेडचा, म्हणजे प्रक्रियेच्या आत स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाच्या धाग्याचा, वापर वेगळा दिसतो. एकच थ्रेड सतत १०० टक्क्यांजवळ असेल, तर त्याने सीपीयूचा एक संपूर्ण कोअर (गणना करणारा स्वतंत्र भाग) अडवला आहे आणि बहुधा तो अनंत लूपमध्ये किंवा एखाद्या बेफाम रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (मजकुरातील नमुना शोधणाऱ्या सूत्रात) अडकला आहे, असे समजावे.

त्या थ्रेडचा क्रमांक टिपून ‘जेस्टॅक’ (jstack) या जावाच्या साधनाने थ्रेड डंप, म्हणजे त्या क्षणी प्रत्येक थ्रेड काय करतो आहे याची नोंद, घ्यावा आणि त्यातील ‘एनआयडी’शी (nid, थ्रेडचा ऑपरेटिंग सिस्टिममधला क्रमांक) तो जुळवावा; जावाच्या जुन्या आवृत्त्यांत हा आकडा हेक्साडेसिमलमध्ये (सोळा-आधारी पद्धतीत) असतो, हे नेमके घाईत विसरले जाते. एका डंपवर विसंबू नये. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन घेतल्यावर तिन्हींत त्या थ्रेडमध्ये तीच मेथड (कोडमधील कार्य-तुकडा) दिसली, तर शोध तिथूनच सुरू करावा. मात्र सर्वाधिक सीपीयू खाणारे थ्रेड गार्बेज कलेक्शनचे (नको असलेली मेमरी मोकळी करण्याच्या कामाचे) निघाले, तर कोडमधील लूपऐवजी अपुरी हीप (जावा प्रोग्रॅमच्या ऑब्जेक्ट्ससाठीची मेमरी) किंवा मेमरी गळती (वापर संपूनही मोकळी न होणारी मेमरी) तपासावी.